कोल्हापूर, सांगली-मिरज, इचलकरंजी: तंत्रज्ञान कंपन्यांपुढे एकत्र जायचं तर वाटणी आधी लिहून काढा

राजारामपुरी_७

कोल्हापुरात आयटी पार्कची मागणी जुनी आहे. शेंडा पार्कच्या जागेवर ते व्हावं म्हणून निवेदनं झाली, बैठका झाल्या, वर्तमानपत्रांनी रकाने भरून लिहिलं. अंकलीचा पूल ओलांडला की सांगलीत हीच मागणी, इचलकरंजीतही हीच. प्रत्येक शहर मुंबईला स्वतंत्र जातं आणि "आमच्याकडे द्या" म्हणून परत येतं.

आता कंपनीच्या बाजूने बघा. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास, सांगली-मिरज-कुपवाड पाच लाख, इचलकरंजी पावणेतीन लाखांच्या वर. वेगवेगळे उभे राहिलो तर देशात अशी शहरं पुष्कळ आहेत. एकत्र धरलं तर तेरा लाखांच्या पुढे जातो, आणि मधली जयसिंगपूर, हातकणंगले, शिरोली यांची भर वेगळीच. कोल्हापूर ते मिरज रेल्वेने पन्नास किलोमीटरही नाही. सांगलीचं वालचंद महाविद्यालय १९४७ चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं, त्यानंतर इचलकरंजीचं डीकेटीई, कोल्हापूरचं केआयटी, साखराळ्याचं आरआयटी, वारणानगरचं महाविद्यालय. ही सगळी दीड तासाच्या टप्प्यात आहेत. एकट्या शहराच्या माहितीपत्रकात त्यातलं एखाद-दुसरंच नाव येतं.

इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. एकीचं भाषण प्रत्येक उद्योग मेळाव्यात होतं, टाळ्याही पडतात. पण ती एकी पहिल्या कंपनीपर्यंतच टिकते. कंपनी कागलला आली तर सांगलीला काय मिळणार? कुपवाडला आली तर इचलकरंजीने आनंद का मानायचा? घरपट्टी एकाला, जमिनीचा वाढलेला भाव एकाला, भाडेकरू एकाला, आणि बाकीच्यांना बातमी. म्हणून माझं म्हणणं असं की एकत्र येण्याआधी वाटणी कागदावर आली पाहिजे. कंपनी यायच्या आधी, जागा ठरायच्या आधी. एकदा जागा ठरली की ज्याला मिळाली तो वाटणीला तयार होत नाही, आणि ज्याला नाही मिळाली तो बैठकीला येत नाही.

जगात हे कुणी केलेलं नाही असं नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांभोवतीच्या सात काउंट्यांसाठी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १९७१ मध्ये कायदा केला. त्या वर्षानंतर व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तेचं करपात्र मूल्य जिथे जितकं वाढेल, त्या वाढीचा ४० टक्के भाग एका सामाईक खात्यात धरायचा आणि तिथून सगळ्या गावांना पुन्हा वाटायचा. ज्या गावाची करक्षमता कमी, त्याला वाटा जास्त. कोर्टकचेरी झाली, पण कायदा टिकला आणि आजही चालू आहे. मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आधीच्या उत्पन्नाला कुणी हात लावला नाही. फक्त नव्या वाढीतला हिस्सा मागितला. असलेलं काढून द्यायला कुणी तयार होत नाही, न आलेल्यातलं द्यायला माणूस राजी होतो.

आपल्याकडे हे कसं बसवता येईल? बाहेर राहणाऱ्यांनी तिकडचे अनुभवही लिहावेत.

मिरजवाली

तुमचं पटतं, पण मिरजेतून हे कसं दिसतं तेही सांगते. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ मध्ये एक महापालिका झाली. इतकी वर्षं झाली तरी "मुख्यालय तिकडे, निधीही तिकडे" हे मिरजेत कुठल्याही कट्ट्यावर ऐकू येतं. खरं-खोटं हिशेब मांडून दाखवता येईल, पण तो हिशेब कुणी लोकांपुढे मांडतच नाही. एका महापालिकेत ही स्थिती, तर तीन महापालिका आणि दोन जिल्हे एकत्र आल्यावर काय होईल? म्हणून वाटणीच्या कागदाबरोबर दरवर्षी तो हिशेब छापून वाटायची अटही हवी.

दुसरं असं. "आयटी पार्क द्या" ही मागणीच मला अर्धवट वाटते. काचेची इमारत बांधली की कंपनी येते असं नाही. मिरजेत वानलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं. त्याच्या आधाराने इथे दवाखाने, लॅब, औषधांची दुकानं, नर्सिंगची महाविद्यालयं वाढली, आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण इथे येतात. रुग्णालयांची नोंद, एक्स-रे आणि स्कॅन वाचायची साधनं, उपकरणांची देखभाल असलं काम करणाऱ्या कंपनीला इथे रोजचं गिऱ्हाईक आणि रोजची परीक्षा दोन्ही मिळतं. हे पुण्यातल्या पार्कात बसून मिळत नाही.

यंत्रमाग

इचलकरंजीची लोकसंख्या बेरजेत धरलीत, आनंद आहे. पण आमच्या पाण्याचं काय? पंचगंगा प्रदूषित म्हणून दूधगंगेवरून सुळकूड योजना मंजूर झाली, आणि तिला विरोध झाला तो आपल्याच जिल्ह्यातल्या कागल आणि दूधगंगा काठच्या गावांतून. त्यांचीही बाजू आहे, शेतीला पाणी कमी पडेल अशी त्यांना भीती आहे. पण आमच्या शहरात नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं. पाणी मागताना आम्ही परके आणि लोकसंख्या मोजताना आम्ही आपले, असं चालणार नाही. भागीदारीच्या कागदावर पहिलं कलम पाण्याचं असलं पाहिजे. कंपनीचा माणूस जागा बघायला येतो तेव्हा नळ सोडून बघतोच.

बाकी काम आमच्याकडेही आहे. साधे माग जाऊन रेपियर आणि एअरजेट हे आधुनिक माग आले, प्रत्येक मागावर इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे. कार्ड गेलं की माग बंद. कापडातला दोष कॅमेऱ्याने पकडणं, सुताचा हिशेब, मागांचं उत्पादन मोबाईलवर बघणं, याला इथे हजारो माग तयार आहेत. डीकेटीई तर वस्त्रोद्योगाचंच महाविद्यालय म्हणून सुरू झालं. पण मुलं शिकतात इथे आणि पुढची वाट धरतात पुण्याची.

त्रिकोणवासी

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात मॉरिसव्हिलला राहतो, मूळ कराडचा. कामाला जातो ती जागा म्हणजे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रॅली, डरहम आणि चॅपल हिल ही तीन गावं. तिन्हीकडे एकेक विद्यापीठ: रॅलीत राज्याचं, डरहमला ड्यूक, चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. १९५० च्या दशकात हे राज्य तंबाखू, कापड आणि फर्निचरवर जगत होतं, आणि दरडोई उत्पन्नात देशाच्या अगदी तळाला होतं. शिकलेली मुलं बाहेर जात होती. हे वाचून तुम्हाला कुठलं गाव आठवतं ते सांगायला नको.

तिन्ही गावांच्या मधोमध झुडपी रानाची जमीन होती. सुरुवातीला तिथे नफ्याचा प्रकल्प म्हणून गुंतवणूकदार शोधले, जमीन घेणंही सुरू झालं, पण पैसा उभा राहिना. तेव्हा आर्ची डेव्हिस नावाच्या बँकरने एक वेगळं सुचवलं: हे राज्याच्या भल्याचं काम आहे, तर शेअर कशाला विकता, देणगी मागा. त्याने राज्यभर फिरून १४ लाख डॉलरच्या वर गोळा केले. जमीन ना-नफा प्रतिष्ठानच्या नावे झाली, आणि जानेवारी १९५९ मध्ये गव्हर्नर ल्यूथर हॉजेस यांनी ते जाहीर केलं. नाव ठेवलं रिसर्च ट्रँगल पार्क. आज ते सुमारे ७,००० एकरांवर आहे.

यातल्या तीन गोष्टी राजारामपुरींच्या मुद्द्याशी जुळतात.

पार्क कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही, आणि कुठल्याही शहराने ते आपल्या हद्दीत ओढू नये याची कायद्यानेच सोय आहे. बराचसा भाग डरहम काउंटीत, थोडा वेक काउंटीत. त्यामुळे "रॅलीला मिळालं की डरहमला" हा वादच उभा राहिला नाही.

दुसरं, तिन्ही विद्यापीठांनी मिळून एक संशोधन संस्था १९५८ च्या अखेरीस काढली, आणि पार्कातली पहिली रहिवासी तीच. म्हणजे दुसऱ्याला बोलावण्याआधी स्वतः जाऊन बसले.

तिसरं मला सगळ्यात मोठं वाटतं. या गावांना एकत्र काम करायची सवय आधीपासून होती. रॅली आणि डरहम ही दोन शहरं आणि त्यांच्या दोन काउंट्या यांनी १९३९ मध्येच एक सामाईक विमानतळ प्राधिकरण स्थापलं होतं. चौघांचे सारखे प्रतिनिधी. पार्कच्या वीस वर्षं आधी! एकमेकांवर विश्वास ठेवायचा सराव त्यांनी धावपट्टीवर केला.

आणि धीर. पहिली पाच-सहा वर्षं फारच थोड्या संस्था आल्या. खरी गती आली ती १९६५ ला, जेव्हा आयबीएमने तिथे यायचं ठरवलं आणि केंद्र सरकारची पर्यावरण-आरोग्याची संशोधन संस्थाही तिथेच आली. आपल्याकडे दर पाच वर्षांनी निवडणूक, त्यात सहा वर्षं रिकाम्या रानाचं समर्थन कोण करणार, हा प्रश्न मला पडतो.

सगळं गोड नाही. पार्कात अनेक दशकं घरं नव्हती, त्यामुळे सगळे गाडीने येतात-जातात. डरहम आणि चॅपल हिल जोडणारी हलकी रेल्वे अनेक वर्षांच्या तयारीनंतर २०१९ मध्ये बारगळली, कारण एका भागीदाराने, म्हणजे ड्यूक विद्यापीठाने, करारावर सही करायला नकार दिला. साठ वर्षांची भागीदारी असूनही एक सही अडली की असं होतं.

अर्धविराम

वाचायला छान आहे, पण अमेरिकेचा कर आणि आपला कर यात फरक आहे तो धरा. तिथे गावाचं पोट मालमत्ता करावर चालतं. आपल्याकडे जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ पासून जीएसटी आला आणि तो केंद्र-राज्याकडे जातो. महापालिकेच्या हातात राहतं ते घरपट्टी, पाणीपट्टी आणि विकास शुल्क. त्यातला हिस्सा शेजारच्या महापालिकेला द्यायचा तर कायद्यात तशी तरतूद लागेल. नुसत्या ठरावाने होणार नाही.

दुसरी अडचण जिल्ह्याची. नियोजनाचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. समिती जिल्ह्याची, पालकमंत्री जिल्ह्याचा, खर्चही जिल्ह्यातच. अंकलीच्या पुलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस एका टेबलाशी बसेल अशी जागा पुण्यात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयाखेरीज कुठे आहे?

कोल्हापूरच्या हद्दवाढीचं काय झालं तेही आठवा. १९७२ ला महापालिका झाली, पण हद्द वाढली नाही. गावांनी विरोध केला, मग २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. शहर आणि त्याला चिकटलेली गावं यांचं जमत नाही, आणि आपण दोन जिल्ह्यांचं बोलतोय.

काळा_कोट

अर्धविराम, दोन जिल्हे सोडा, सहा जिल्ह्यांचं जमल्याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झालं. त्यामागे कित्येक दशकांचं आंदोलन होतं. कामबंद, उपोषणं, मोर्चे, सगळं सगळ्यांनी केलं. सावंतवाडीच्या वकिलाने कोल्हापूरसाठी कामबंद पाळायचं म्हणजे त्याची स्वतःची तारीख आणि फी बुडणार. तरी पाळलं गेलं, कारण बेंच कोल्हापुरात झालं तरी त्याच्या अशिलाची मुंबईची खेप वाचणार होती. कुणाला काय मिळणार हे प्रत्येकाला नेमकं माहीत होतं. वाद झाले नाहीत असं नाही, पण मागणी एकाच नावाने वर गेली.

आणि कायद्याबद्दल म्हणाल तर राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीत महानगर क्षेत्राची व्याख्या आहे: दहा लाख किंवा जास्त लोकवस्ती आणि क्षेत्र "एक किंवा अधिक जिल्ह्यांतलं". म्हणजे दोन जिल्ह्यांत पसरलेलं महानगर घटनेला मान्य आहे. राज्यपालांनी तशी अधिसूचना काढावी लागते. दार आहे, ते उघडायचा प्रयत्न मात्र आपल्याकडे कुणी गंभीरपणे केलेला नाही.

टिळकवाडी

बेळगावातून लिहिते. तुम्ही एकमेकांकडे बघताय, तोवर आमच्याकडे काय चाललंय ते बघा. हुबळी आणि धारवाड वीस किलोमीटरवर. १९६२ पासून महापालिका एक. धारवाडला विद्यापीठ, उच्च न्यायालयाचं पीठ (२००८ मध्ये सर्किट म्हणून सुरू झालं) आणि २०१६ पासून आयआयटी. हुबळीला बाजारपेठ, विमानतळ आणि २००३ पासून दक्षिण-पश्चिम रेल्वेचं मुख्यालय. दोघांमध्ये बीआरटीएसचा, म्हणजे फक्त बससाठीचा, स्वतंत्र रस्ता आहे. वाटणी कुणी एका दिवसात केली नाही, भांडणंही होतात, पण दोघांच्या पदरात काहीतरी ठोस आहे. आणि राज्याच्या "बियाँड बेंगळुरू" योजनेत हुबळी-धारवाड-बेळगाव असा एकच गट आहे, जसे म्हैसूर आणि मंगळूरचे आहेत. उद्योजकाला त्या गटाचं एकच सादरीकरण दाखवलं जातं. आम्हा बेळगावकरांना त्यात आपण मागे पडतो असं वाटतं, ते खरं आहे. तरीही यादीत नाव असणं आणि नसणं यात फरक पडतो.

२०१२-१३ च्या सुमारास विजेच्या दरावरून कोल्हापूरचे उद्योजक कर्नाटकात जायची भाषा करत होते, तेव्हा निपाणीजवळच्या जागेची चर्चा किती रंगली होती! सीमेवरच्या गावांना असं एकमेकांविरुद्ध उभं करणं सोपं असतं. म्हणून या भागीदारीत पुढेमागे निपाणी आणि बेळगावचाही विचार करा. भाषेचा आणि सीमेचा प्रश्न त्याच्या जागी आहे आणि तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. पण फौंड्रीतलं कास्टिंग रोज ती सीमा ओलांडतं.

त्रिकोणवासी

टिळकवाडी, तुमच्या मुद्द्याला जोडून. इथे कॅन्सस सिटी नावाचं महानगर दोन राज्यांत पसरलंय, मधून राज्याची सीमा जाते. कित्येक वर्षं दोन्ही राज्यं करसवलत देऊन एकमेकांच्या कंपन्या ओढत होती. कंपनी काही मैल सरकायची, कर्मचारी तेच, घरं तीच, नवी नोकरी एकही नाही, आणि सरकारी तिजोरीतून कोट्यवधी डॉलर जायचे. शेवटी २०१९ मध्ये मिसुरीने कायदा आणि कॅन्ससने कार्यकारी आदेश काढून त्या पट्ट्यापुरता युद्धविराम केला.

डेन्व्हरच्या परिसरातली गावं यात जास्त शहाणी निघाली. तिथल्या विकास मंडळाची आचारसंहिता आहे: बाहेरच्या कंपनीपुढे आधी सगळ्या प्रदेशाची माहिती ठेवायची, मग आपल्या गावाची. शेजारच्या गावातली कंपनी आपण होऊन फोडायची नाही, आणि ती चौकशीला आली तर शेजाऱ्याला कळवायचं. यासाठी पैसाही लागत नाही. राजारामपुरी, तुमच्या मसुद्यात हे घाला.

आयंडहोवनचा

मी नेदरलँड्समध्ये फेल्डहोवनला काम करतो, मूळ जयसिंगपूरचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सने आयंडहोवनमध्ये हजारो माणसं कमी केली, १९९३ मध्ये डाफ ही ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली. एका शहराच्या दोन्ही आधारांना तडा गेला. तेव्हा आसपासच्या नगरपालिका, कारखानदार आणि तांत्रिक विद्यापीठ एकत्र बसले. आज त्या गटात २१ नगरपालिका आहेत आणि प्रत्येक नगरपालिका रहिवाशांच्या संख्येप्रमाणे वर्गणी देते. मोठ्या शहराची वर्गणी मोठी, खेड्याची लहान, पण सगळे देतात, त्यामुळे बोलायचा हक्क सगळ्यांना. त्या कामाला ब्रेनपोर्ट म्हणतात. रॉटरडॅमला बंदर, अॅमस्टरडॅमला विमानतळ, तर आमच्याकडे डोकी, असा त्यांचा दावा.

एएसएमएल ही जगातली सर्वांत प्रगत चिप बनवायची यंत्रं करणारी कंपनी. तिचं मुख्यालय आयंडहोवनमध्ये नाही, शेजारच्या फेल्डहोवन या छोट्या गावात आहे. आयंडहोवनच्या महापौराने त्यावर रडत बसायचं कारण नाही, कारण तिची पुरवठादार कारखानदारी सगळ्या प्रदेशात आहे. कुणी धातूचे सुटे भाग करतो, कुणी चौकट, कुणी सॉफ्टवेअर. हे वाचताना मला शिरोली आणि गोकुळ शिरगाव आठवतात. कास्टिंग, मशीनिंग, पॅटर्न हे सगळं आपल्याकडे आहेच. अचूकता वाढवायची आणि त्यात इलेक्ट्रॉनिक्स घालायचं, हा रस्ता परक्या सॉफ्टवेअर कंपनीची वाट बघण्यापेक्षा जवळचा आहे. किर्लोस्करवाडी १९१० पासून याच मातीत आहे ना?

यशाचा त्रासही सांगतो. घरं मिळत नाहीत, भाडी भयंकर, रस्ते आणि वीजवाहिन्या अपुऱ्या. २०२४ मध्ये डच सरकारने या प्रदेशाच्या घरं, वाहतूक आणि शिक्षणासाठी अडीच अब्ज युरोंचा कार्यक्रम जाहीर केला, कारण कंपनी बाहेर विस्तार करेल अशी धास्ती पडली होती. २१ गावांची एकत्र मागणी होती म्हणून ती दिल्लीच्या, म्हणजे तिथल्या हेगच्या, कानावर लवकर पडली.

परत_यायचंय

हिंजवडीत काम करतो, घर कोल्हापूरला कसबा बावड्यात. बायकोही याच क्षेत्रात, माहेर सांगली. आम्ही दोघांनी परत यायचा विचार पुष्कळदा केलाय, म्हणून आमच्यासारख्यांचं गणित मांडतो.

कोल्हापुरात एक चांगली कंपनी आली तर मी येणार नाही. कारण ती नोकरी गेली तर दुसरी कुठे? आणि बायकोने काय करायचं? पण कोल्हापूर, कुपवाड आणि इचलकरंजीत मिळून दहा-पंधरा कंपन्या असल्या आणि तासाभरात कुठेही पोचता आलं, तर आम्ही उद्या येऊ. मी एकीकडे, ती दुसरीकडे, घर जयसिंगपुरात. नोकरी करणारं जोडपं शहर बघत नाही, टप्पा बघतं. म्हणून भागीदारीचा पहिला पैसा रस्ता आणि रेल्वेवर लावा. चोकाक ते अंकली रस्त्याच्या भूसंपादनाच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. त्यांना योग्य मोबदला मिळालाच पाहिजे, आणि रस्ताही झाला पाहिजे. कोल्हापूर-मिरज मार्गावर सकाळ-संध्याकाळ भरवशाची, थोड्या-थोड्या वेळाने सुटणारी लोकल मागा. तीन खासदारांनी मिळून मागितली तर ती मागणी वजनदार होईल.

आणि हिंजवडीचा धडा विसरू नका. देशातल्या मोठ्या आयटी पार्कांपैकी एक, पण बराचसा ग्रामपंचायतींच्या हद्दीत. जमीन एमआयडीसीची, नियोजन पीएमआरडीए या पुणे महानगर प्राधिकरणाचं, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका, आणि पाणी तुंबलं की कुणाचा नाला हेच ठरत नाही. दर पावसाळ्यात तेच. कंपन्या आल्या, लाखो माणसं आली, पण जबाबदारीची वाटणी आधी कुणी लिहिली नव्हती. राजारामपुरींच्या मुद्द्याला याहून जवळचा पुरावा मला माहीत नाही.

कुरुंदवाड_संगम

आमचं काय ते पण लिहा की. तुम्ही शहरं-शहरं बोलताय, मधली जमीन आमची हाय. शिरोळ तालुका म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. २०१९ ला आणि २०२१ ला आमची घरं पाण्यात होती. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. कंपनीवाला हे विसरत नाही. अलमट्टीचं पाणी, पुलांचे भराव, नदीतली अतिक्रमणं हा प्रश्न सांगलीचा वेगळा, कोल्हापूरचा वेगळा असा नाही. पूर दोघांना एकाच आठवड्यात येतो. आधी पुराची एकत्र यंत्रणा करून दाखवा, मग कंपनीला बोलवा. तुमच्या त्या अमेरिकेतल्यांनी विमानतळावर सराव केला म्हणता, आपण पुरावर करू.

दुसरं, वाटणीत ग्रामपंचायत पाहिजे. हद्दवाढीला गावं नको म्हणतात ती उगीच नाही. घरपट्टी वाढणार आणि सोयी कधी येणार ते माहीत नाही, म्हणून नको म्हणतात. गावाची ग्रामपंचायत राहू दे, पण नव्या उद्योगाच्या करातला वाटा आणि गावातल्या पोरांना आयटीआयपासून पुढचं प्रशिक्षण लेखी द्या, मग बघा विरोध राहतो का.

राजारामपुरी_७

इतके तपशील आले याचं फार समाधान आहे. कुरुंदवाडचा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवतो. पूर ही आपली सामाईक गोष्ट आहेच, आणि त्यावर काम करायला कुठल्याही कंपनीची वाट बघावी लागत नाही. २०१९ नंतर जिल्ह्या-जिल्ह्यांत पाण्याची माहिती देवाणघेवाण वाढली, तिला तीन महापालिका आणि नदीकाठच्या नगरपालिकांची कायमची बैठक जोडली तरी सुरुवात होईल.

अर्धविराम, कायद्याची अडचण खरी आहे. माझा प्रस्ताव असा: पहिल्या टप्प्यात कर हस्तांतरित करायचाच नाही. तिन्ही महापालिकांनी आणि मधल्या नगरपालिकांनी मिळून एक ना-नफा कंपनी काढायची, आयंडहोवनसारखी माणशी वर्गणी द्यायची. २०११ ची लोकसंख्या धरली तरी माणशी दहा रुपयांनी तीन महापालिकांचे वर्षाला सव्वा कोटीच्या वर होतात. त्यात इमारत होत नाही, पण चार चांगली माणसं, महाविद्यालयांची एकत्र माहिती, जागांची खरी यादी आणि कंपनीशी बोलणारा एकच फोन एवढं होतं. नव्या उद्योगामुळे वाढलेल्या घरपट्टीच्या ठराविक टक्क्यांइतकी रक्कम प्रत्येकाने याच कंपनीला जास्तीची वर्गणी म्हणून द्यायची, आणि ती कंपनी सामाईक कामांवर खर्च करेल: पाणी, पूर, लोकल, प्रशिक्षण. महासभेचा ठराव आणि राज्याची परवानगी यालाही लागेल, पण कर दुसऱ्याला देण्यापेक्षा ते सोपं आहे. मिनेसोटासारखा कायदा दुसऱ्या टप्प्यात मागू.

मिरजवालींच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब दरवर्षी छापायचा. डेन्व्हरची आचारसंहिता जशीच्या तशी घेऊ. बेळगाव-निपाणीला निरीक्षक म्हणून पहिल्या बैठकीपासून बोलवावं असं माझं मत आहे.

टक्का किती धरायचा यावर मात्र मत हवं आहे. चाळीस टक्के आपल्याकडे कुणी मान्य करेल असं वाटत नाही. मी मसुद्यात वीस लिहिलेत.

यंत्रमाग

वीस ठीक आहे, पण त्यातला निम्मा पाण्यालाच बांधून ठेवा, नाहीतर प्रशिक्षणाच्या नावाखाली सभागृहं बांधली जातील. आणि इचलकरंजी-कागल-दूधगंगा काठ यांची एक बैठक हा मसुदा निघण्याआधी घ्या. तिथल्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आमच्या पाण्याचं कलम लिहिलंत तर ते पुन्हा त्याच वादात अडकेल. कागलकडचं कुणी इथे असेल तर लिहा, मला त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकायची आहे.

दूधगंगाकाठ

आहे मी, कागल तालुक्यातलाच. वाचत होतो. आमची भीती एवढीच की आज पिण्याला म्हणून नेलेलं पाणी उद्या प्रोसेस हाऊसला, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना, जाईल, आणि उन्हाळ्यात आमचा ऊस वाळेल. पिण्याचं पाणी किती आणि उद्योगाचं किती याचं मीटर वेगळं, आणि त्याची नोंद आमच्या ग्रामपंचायतीलाही दिसेल, असं लिहून दिलंत तर मी गावात बोलायला तयार आहे. उद्योगाला लागणारं पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया करूनच घ्यायचं हेही त्यात टाका. पंचगंगाही त्याने थोडी सुधारेल. बैठक कधी आणि कुठे ते कळवा, गळिताच्या धांदलीत नको.